ट्रक इंजिनातील व्हॉल्व्ह यंत्रणा : बिघाडाचे निदान आणि दुरुस्ती

उन्हाळ्यात ज्या गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते, त्या गावांच्या दृष्टीने टँकरचे इंजिन विहिरीइतकेच महत्त्वाचे असते. माणशी २० लिटर पाणी धरले, तर १०,००० लिटरच्या टँकरची एक खेप म्हणजे ५०० माणसांचे एका दिवसाचे पाणी होय. असा टँकर ऐन वैशाखात आठ दिवस गॅरेजमध्ये उभा राहिला, तर त्याची झळ किती घरांना पोहोचते हे निराळे सांगावयास नको. शिवाय दुरुस्तीचा खर्च निघतो तो सार्वजनिक निधीतून. तेव्हा इंजिनात नेमके काय बिघडले आहे आणि सुचविलेली दुरुस्ती खरोखरच आवश्यक आहे काय, हे समजून घेणे केवळ मेकॅनिकचे काम नाही. खर्चास मंजुरी देणारे अधिकारी, पंचायतीचे सभासद आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षक यांनाही या विषयाची ओळख असणे अगत्याचे आहे.

इंजिनाच्या वरच्या भागातून ‘टक्‌टक्’ असा आवाज येऊ लागला म्हणजे सामान्यतः दोनपैकी एक सल्ला मिळतो. एक म्हणजे ‘टॅपेट आवळून घ्या, चालेल’ आणि दुसरा म्हणजे ‘इंजिनच बांधून घ्या’. पहिल्या सल्ल्याने कधीकधी पूर्ण इंजिन गमवावे लागते आणि दुसऱ्याने कित्येकदा अनावश्यक खर्च होतो. या दोहोंमधील योग्य मार्ग मोजमापातून सापडतो. मोजल्याशिवाय इंजिन उघडू नये आणि मोजल्याशिवाय ते बंदही करू नये, हे या लेखाचे सूत्र आहे.

यंत्रणेची रचना

विवेचनासाठी एक निश्चित इंजिन समोर ठेवणे सोयीचे होईल. कमिन्स ‘बी’ मालिकेतील सहा सिलिंडरांचे, सुमारे ५.९ लिटर क्षमतेचे डिझेल इंजिन भारतीय मालमोटारींत बराच काळ वापरले गेले. टाटा कमिन्स ही कंपनी १९९३ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या जमशेदपूर येथील कारखान्यातून या मालिकेतील इंजिने टाटा मालमोटारींसाठी तयार होऊ लागली. या इंजिनाच्या जुन्या, यांत्रिक डिझेल पंपाच्या प्रकारात सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर, पिस्टनची धाव १२० मिलिमीटर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन असे एकूण बारा व्हॉल्व्ह असतात. रचना सरळ असल्याने अभ्यासासाठी ते उत्तम आहे. बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यानंतरच्या इंजिनांत डिझेल पुरवठ्याचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते आणि पुष्कळ इंजिनांत सिलिंडरमागे चार व्हॉल्व्ह असतात. तथापि निदानाची तत्त्वे तीच राहतात.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. इनलेट व्हॉल्व्ह उघडला की सिलिंडरमध्ये हवा येते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळलेला वायू बाहेर पडतो. झडप उघडण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. कॅमशाफ्टवरील उंचवटा टॅपेटला वर ढकलतो, टॅपेट पुश रॉडला, पुश रॉड रॉकरच्या एका टोकाला. रॉकरचे दुसरे टोक खाली येऊन व्हॉल्व्हची दांडी दाबते. झडप पुन्हा मिटविण्याचे काम मात्र स्प्रिंगचे असते.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो. इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक झडप मिनिटाला १,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला वीस वेळा, उघडते व मिटते. तासाभरात ही संख्या ७२,००० होते. एवढ्या आघातांचे काम सुरळीत चालते ते दोन गोष्टींमुळे : प्रत्येक सांध्याला पोहोचणारे तेल आणि अचूक ठेवलेली फट.

फट कशासाठी?

इंजिन थंड असताना रॉकरचे टोक व व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. धातू तापला की वाढतो. ही वाढ सामावून घेण्यासाठी ती फट असते. प्रस्तुत इंजिनात इनलेटसाठी ०.२५ मिलिमीटर आणि एक्झॉस्टसाठी ०.५१ मिलिमीटर फट सांगितलेली आहे, आणि ती इंजिनाचे तापमान ६० अंश सेल्सिअसपेक्षा कमी असताना मोजावयाची असते. लिहिण्याच्या साध्या कागदाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे ही मापे किती सूक्ष्म आहेत याची कल्पना येईल. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवरून धगधगता वायू जात असल्याने तो अधिक तापतो व अधिक वाढतो. म्हणून त्याची फट दुप्पट असते.

फट वाढली तर रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो, आवाज येतो, झडप उशिरा व कमी उघडते, इंजिनाची ओढ कमी होते. फट कमी झाली तर आवाज येत नाही, उलट इंजिन अधिक शांत वाटते. परंतु धोका अधिक असतो. तापलेला व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता मिटलेल्या स्थितीत आपल्या सीटला देतो. फट नाहीशी झाली की झडप सीटवर पुरती बसतच नाही. उष्णतेला वाट राहत नाही, जळता वायू चिरेतून निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळू लागते. याच कारणास्तव आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प झालेला टॅपेट अधिक घातक ठरू शकतो. केवळ कानावर विसंबून केलेले निदान अपुरे पडते ते येथेच.

फट कोणत्या दिशेने बदलली, यावरूनही झीज कोठे आहे हे कळते. कॅमचा उंचवटा, टॅपेट, पुश रॉडची टोके किंवा रॉकर झिजला, पुश रॉड वाकला, अथवा फट जुळविण्याचा स्क्रू सैल झाला, तर फट वाढते. उलट व्हॉल्व्ह सीटमध्ये खोल रुतत गेला अथवा त्याची दांडी ताणली गेली, तर फट कमी होते. फट पूर्ववत करून दिल्यावरही थोड्याच दिवसांत ती पुन्हा बदलली, तर तो जुळणीचा दोष नसून एखाद्या भागाचा दोष आहे असे समजावे.

आवाजाची परीक्षा

निदानाची सुरुवात आवाजापासूनच होते. पण आवाजाला प्रश्न मानावे, उत्तर मानू नये. व्हॉल्व्ह यंत्रणेचा आवाज कॅमशाफ्टच्या गतीने, म्हणजे इंजिनाच्या निम्म्या गतीने येतो. तो हलका व धातूवर धातू आपटल्यासारखा असतो. बेअरिंगचा आवाज खालून, जड व बोजड येतो आणि इंजिनावर भार पडला की वाढतो. लांब स्क्रू ड्रायव्हर किंवा लाकडी दांडका कानाशी धरून त्याचे टोक रॉकरच्या झाकणावर क्रमाने टेकविले, तर आवाज कोणत्या सिलिंडरपाशी अधिक आहे हे कळते.

यांत्रिक पंपाच्या जुन्या इंजिनात आणखी एक परीक्षा करता येते. इंजिन मंद गतीने चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट किंचित सैल केला, म्हणजे त्या सिलिंडरमधील ज्वलन थांबते. त्यासरशी आवाज थांबला किंवा बराच कमी झाला, तर दोष इंजेक्टर, पिस्टन अथवा कनेक्टिंग रॉडकडे शोधावा. आवाज तसाच राहिला, तर तो बहुधा व्हॉल्व्ह यंत्रणेचा असतो. ही परीक्षा करताना नटावर फडके धरावे व हात दूर ठेवावा. दाबाखालील डिझेलची बारीक धार कातडीत शिरून गंभीर इजा करू शकते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या इंजिनात डिझेलचा दाब कितीतरी अधिक असतो. त्यावर ही परीक्षा कदापि करू नये. तेथे निदान-यंत्राच्या साहाय्याने एकेक सिलिंडर बंद करता येतो.

धूर आणि फुत्कार यांकडेही लक्ष द्यावे. सायलेन्सरच्या तोंडाशी ठरावीक तालात ‘फुस्स’ असा आवाज येत असेल, तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असण्याचा संभव असतो. एअर क्लीनरकडून उलटा फुत्कार येत असेल, तर इनलेट व्हॉल्व्हचा संशय घ्यावा. बराच वेळ मंद गतीने चालल्यानंतर वेग वाढवताच निळसर धूर निघाला, तर व्हॉल्व्ह गाइड झिजून तेल खाली उतरत आहे असे समजावे. तेल भरण्याच्या तोंडातून सतत जोराने वाफारा येत असेल, तर मात्र दोष पिस्टनच्या रिंगांकडे असू शकतो.

बारा मापे

यानंतर रॉकरचे झाकण उघडावे. पहिले काम फट जुळविणे हे नव्हे, तर आहे ती फट मोजून लिहून ठेवणे हे होय. एकदा स्क्रू फिरविला की पुरावा नष्ट होतो. फीलर गेजने बाराही व्हॉल्व्हची फट मोजून सिलिंडरच्या क्रमाने वहीत नोंदवावी. झाकण उघडल्यावर रॉकर तेलाने ओले आहेत की कोरडे, कोठे निळसर जळका रंग आहे काय, स्प्रिंग तुटली आहे काय, हेही पाहावे.

दुसरी पाहणी पुश रॉडची. या इंजिनात सपाट तळाचे टॅपेट असतात व ते चालताना स्वतःभोवती सावकाश फिरतात. त्यांच्याबरोबर पुश रॉडही फिरताना दिसतो. एखादा पुश रॉड फिरावयाचे थांबला असेल, तर त्याखालील टॅपेट व कॅम यांची झीज झाली असल्याचा दाट संशय घ्यावा. तिसरी पाहणी उचलीची. डायल गेज लावून इंजिन हाताने फिरवावे आणि प्रत्येक व्हॉल्व्ह किती खाली जातो हे मोजावे. इनलेटची तुलना इनलेटशी व एक्झॉस्टची एक्झॉस्टशी करावी. फट योग्य असूनही एकाच व्हॉल्व्हची उचल इतरांपेक्षा कमी भरली, तर कॅमचा उंचवटा झिजलेला आहे.

येथे एक फसगत टाळली पाहिजे. रॉकरच्या टोकाला खळगा पडला असेल, तर फीलर गेजची सपाट पट्टी त्या खळग्यावरून पुलासारखी जाते. माप बरोबर येते, प्रत्यक्षातील फट मात्र अधिक असते. फट जुळवूनही आवाज कायम राहतो त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

हवेची चाचणी

फटीच्या मापांवरून संशय आलेल्या सिलिंडरची खात्री हवेच्या चाचणीने करावी. त्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या धावेत माथ्यावर आणावा, म्हणजे दोन्ही झडपा मिटलेल्या असतात. फ्लायव्हील पक्के अडवून ठेवावे, कारण हवेच्या दाबाने इंजिन एकदम फिरू शकते. मग इंजेक्टर काढून त्या जागी जोडणी बसवावी व कॉम्प्रेसरची हवा सोडावी. हवा कोठून निसटते ते ऐकावे. सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर क्लीनरच्या बाजूने आली तर इनलेट व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून जोराने आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेली चीर, असा अर्थ होतो. हेड न उतरविता एवढी माहिती देणारी दुसरी साधी चाचणी नाही.

एक उदाहरण

समजा, एका टँकरच्या इंजिनातून दोन क्रमांकाच्या सिलिंडरपाशी आवाज येत आहे. बारा मापे घेतली असता सहा इनलेटपैकी पाच ०.२५ ते ०.२८ मिलिमीटरच्या दरम्यान भरली; दोन क्रमांकाचे मात्र ०.६२ आले. एक्झॉस्टपैकी पाच ०.५० ते ०.५४ भरली, चार क्रमांकाचे मात्र केवळ ०.१८ आले.

आवाजाचा उगम दोन क्रमांकाच्या इनलेटमध्ये आहे, हे उघड झाले. पुश रॉड काढून सपाट काचेवर घरंगळविला तेव्हा तो डुगडुगू लागला. म्हणजे तो वाकलेला आहे. नवा पुश रॉड बसवून फट जुळविली की आवाज थांबेल. कित्येक ठिकाणी काम येथेच संपते. परंतु पुश रॉड आपोआप वाकत नाही. व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटला असेल किंवा पिस्टनला लागला असेल, तरच तो वाकतो. तेव्हा त्या व्हॉल्व्हची हालचाल मोकळी आहे काय, हे पाहणे क्रमप्राप्त ठरते.

खरा धोका मात्र चार क्रमांकाच्या एक्झॉस्टमध्ये आहे, ज्याने कसलाच आवाज केला नव्हता. त्याची फट निम्म्याहून अधिक घटली आहे. हवेच्या चाचणीत त्या सिलिंडरची हवा सायलेन्सरमधून येत असल्याचे आढळले, तर व्हॉल्व्ह सीटवर बसत नाही हे निश्चित झाले. तो तसाच ठेवला, तर काही काळाने व्हॉल्व्हचा तुकडा पडून पिस्टन, लायनर व हेड या तिन्हींचे नुकसान होऊ शकते. याउलट तेलाच्या तोंडाशी हवेचा जोर नसेल आणि तेलाचा दाब चांगला असेल, तर पिस्टन व बेअरिंगांना हात लावण्याचे कारण उरत नाही. हेड उतरवून व्हॉल्व्हचे काम करणे एवढीच दुरुस्ती न्याय्य ठरते. बारा आकड्यांनी नुसत्या आवळणीचा धोका आणि पूर्ण इंजिन बांधण्याचा खर्च, हे दोन्ही टाळले.

फट जुळविण्याची पद्धत

या इंजिनात ज्वलनाचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. एक क्रमांकाचा पिस्टन दाबाच्या धावेत माथ्यावर आणण्यासाठी गिअर हाउसिंगमध्ये टायमिंग पिन दिलेली असते. इंजिन सावकाश फिरवीत ही पिन आत ढकलली की ती कॅमशाफ्टच्या गिअरमधील छिद्रात बसते. स्थिती मिळताच पिन बाहेर ओढून घ्यावी. ती आत राहिली आणि इंजिन फिरविले तर मोडते.

या स्थितीत १, २ व ४ क्रमांकांचे इनलेट आणि १, ३ व ५ क्रमांकांचे एक्झॉस्ट जुळवावेत. नंतर पुलीवर खूण करून क्रँकशाफ्ट एक पूर्ण फेरा फिरवावा आणि उरलेले, म्हणजे ३, ५ व ६ चे इनलेट आणि २, ४ व ६ चे एक्झॉस्ट जुळवावेत. पट्टी किंचित अडखळत सरकली की फट बरोबर समजावी. लॉक नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो. म्हणून नट आवळल्यानंतर प्रत्येक फट पुन्हा मोजणे आवश्यक आहे.

पुस्तिका हाताशी नसेल, तर सहा सिलिंडरांच्या या क्रमात १ व ६, २ व ५ आणि ३ व ४ या जोड्या ध्यानात ठेवाव्यात. जोडीतील एका सिलिंडरच्या दोन्ही झडपा एकदम हालू लागल्या, म्हणजे एक्झॉस्ट मिटत असताना इनलेट उघडू लागला, की जोडीतील दुसऱ्या सिलिंडरच्या दोन्ही फटी जुळवाव्यात. फटीची मापे मात्र निरनिराळ्या इंजिनांची निरनिराळी असतात. ती अंदाजाने ठरवू नयेत. निर्मात्याच्या पुस्तिकेतूनच घ्यावीत.

हेड उतरल्यावर

हेडचे बोल्ट निर्मात्याने दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने सैल करावेत. प्रत्येक व्हॉल्व्ह, स्प्रिंग व पुश रॉड आपापल्या जागेचा क्रमांक घालून ठेवावा; एकमेकांशी घासून जुळलेले भाग परत त्याच जागी जावेत हा यामागील हेतू. व्हॉल्व्हची कड जळली असेल, दांडी वाकली असेल अथवा टोकाला खळगा पडला असेल, तर तो टाकून द्यावा. गाइडमध्ये दांडी डोलत असेल तर नुसता व्हॉल्व्ह बदलून उपयोग नाही. सैल गाइडमधील नवा व्हॉल्व्हही वाकडा बसतो व लवकरच गळू लागतो. म्हणून आधी गाइड, मग सीट आणि शेवटी व्हॉल्व्ह, हा क्रम पाळावा.

सीट कापून झाल्यावर पेस्ट लावून व्हॉल्व्ह हलक्या हाताने घासतात. चोहोबाजूंनी एकसारखा, अखंड राखी पट्टा उमटला की बैठक चांगली झाली असे समजावे. पेस्टचा कणही मागे राहता कामा नये. तो पुढे गाइड आणि लायनर यांना कुरतडतो. व्हॉल्व्ह व स्प्रिंग बसवून पोर्टमध्ये थोडे केरोसीन ओतावे व काही वेळ थांबावे. ज्वलनकक्षाच्या बाजूने ओल दिसली नाही, तर बैठक पक्की आहे. स्प्रिंगची मोकळी उंची नव्या स्प्रिंगशी ताडून पाहावी. खचलेली किंवा तिरपी झालेली स्प्रिंग पुन्हा वापरू नये.

कॅमशाफ्ट झिजला असेल, तर काम मोठे असते. या इंजिनातील टॅपेट खालून बसविलेले असतात. कॅमशाफ्ट बाहेर काढताना ते तेलाच्या टाकीत पडू नयेत म्हणून पुश रॉडच्या छिद्रांतून लाकडी दांडके घालून त्यांना वर अडकवून ठेवतात. नव्या कॅमशाफ्टवर जुने टॅपेट बसवू नयेत. जुन्याच्या तळावरील झीज नवा उंचवटा थोड्याच काळात खाऊन टाकते. झिजलेल्या धातूचा कीस तेलात गेलेला असल्याने फिल्टर कापून पाहावा व तेल बदलावे. कॅम व टॅपेटचा कीस चुंबकाला चिकटतो; बेअरिंगचा तांबूस किंवा पांढरट कीस चिकटत नाही. एवढ्या साध्या परीक्षेनेही झीज कोठली आहे हे समजते.

मूळ कारणांचा शोध

भाग बदलला पण कारण राहिले, तर तोच बिघाड पुन्हा येतो. टँकरच्या बाबतीत तीन कारणे विशेष विचारात घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण तेल. व्हॉल्व्ह यंत्रणा ही तेलाच्या मार्गातील अगदी वरची जागा आहे. तेल गढूळ झाले, कमी पडले किंवा हलक्या प्रतीचे वापरले, तर रॉकर आधी कोरडे पडतात.

दुसरे कारण मंद गतीचा दीर्घकाळ. विहिरीवर किंवा उद्भवावर रांगेत उभे असताना, तसेच इंजिनाच्या जोरावर पंप चालवून टाकी भरताना, इंजिन बराच वेळ चालू राहते. मंद गतीत इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल पुरते जळत नाही आणि काजळीचा चिकट थर व्हॉल्व्हच्या दांडीवर बसून ती गाइडमध्ये अडकू लागते. हे तास किलोमीटरच्या काट्यावर उमटत नाहीत. केवळ किलोमीटर पाहून तेल बदलणाऱ्याचा हिशेब येथेच चुकतो. म्हणून लॉगबुकात किलोमीटरबरोबर इंजिन चाललेले तासही लिहिले पाहिजेत.

तिसरे कारण घाटातील उतार. कसारा किंवा आंबोलीसारखा घाट उतरताना भरलेला टँकर वरच्या गिअरमधून एकदम खालच्या गिअरमध्ये टाकला, तर चाके इंजिनाला मर्यादेपेक्षा अधिक वेगाने फिरवितात. गव्हर्नर डिझेल आवरतो; उतार आवरणे त्याच्या हाती नसते. अशा वेळी स्प्रिंग झडपेला वेळेवर मिटवू शकत नाही, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो आणि पुश रॉड वाकतो. एकदम दोन-तीन पुश रॉड वाकलेले आढळले, तर चालकाशी शांतपणे बोलावे. उतारास लागण्यापूर्वीच योग्य गिअर निवडण्याची सवय ही या बिघाडावरील खरी दुरुस्ती होय.

खर्चास मंजुरी देताना

पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. तरीही मुदतीतील सरकारी वाहने आणि कंत्राटदारांचे खाजगी टँकर यांच्या देखभालीचा प्रश्न कायम आहे. दुरुस्तीचे अंदाजपत्रक समोर आल्यावर पुढील गोष्टी मागण्याचा प्रघात पडावा : झाकण उघडताच घेतलेली सर्व व्हॉल्व्हच्या फटींची मापे, संशयित सिलिंडरच्या हवेच्या चाचणीचा निष्कर्ष, तेलाचा दाब, बदललेले जुने भाग, दुरुस्तीनंतरची मापे, आणि बिघाडाचे मूळ कारण काय ठरले याचे एका वाक्यातील उत्तर. ही माहिती देण्यास चांगल्या मेकॅनिकला फारसा वेळ लागत नाही, आणि ती मागितल्याने त्याच्या कौशल्याचा अवमानही होत नाही. उलट, विचारपूर्वक काम करणाऱ्याला त्यामुळे आधारच मिळतो. ‘इंजिन आवाज करते, सबब पूर्ण बांधणी’ एवढ्याच कारणावर मंजुरी देणे जितके चुकीचे, तितकेच खर्च वाचविण्यासाठी जळत चाललेल्या व्हॉल्व्हवर इंजिन दामटणेही चुकीचे आहे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील शिक्षकांना या विषयात प्रात्यक्षिकाची चांगली सोय आहे. एका जुन्या इंजिनात मुद्दाम चार-दोन फटी बिघडवून ठेवाव्यात आणि विद्यार्थ्याने पान्याला हात लावण्यापूर्वी बारा मापे व त्यांवरून काढलेले अनुमान लिहून द्यावे, असा नियम करावा. आधी निरीक्षण, मग नोंद, मग अनुमान आणि शेवटी कृती, ही शिस्त एकदा अंगी बाणली की ती कोणत्याही यंत्रापुढे उपयोगी पडते.

फाल्गुन सरण्यापूर्वी, टँकर रस्त्यावर येण्याआधीच, प्रत्येक वाहनाचे झाकण एकदा उघडून ही बारा मापे वहीत नोंदविली गेली, तर पुढच्या वर्षीच्या मापांशी ती ताडून पाहता येतील आणि गुपचूप घटणारी फट वेळीच ध्यानात येईल. या कामास एक फीलर गेज, एक वही आणि दीड-दोन तास पुरतात; वैशाखात थांबलेल्या एका खेपेची किंमत मात्र पाचशे माणसांना मोजावी लागते.